रक्त कमी आहे, पण कशामुळे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवत. म्हणून विषय विज्ञानाचा असावा, असं संयोजकांनी सुचवलं. मी रक्त हा विषय घेतला. त्याचा एक फायदा आहे. प्रत्येक श्रोता अभ्यासाचं साहित्य, साधारण पाच लिटर, स्वतःच घेऊन आला आहे. पडदा, प्रोजेक्टर काही लागणार नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसा, एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘रक्त कमी आहे.’ गरोदर बाईला तेच, आठवीतल्या मुलीला तेच, वीटभट्टीवरून परतलेल्या तरुणालाही तेच. वाक्य खोटं नसतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांचं रक्त कमी आढळलं. पण हे निदान नव्हे, हे लक्षण झालं. ताप आहे म्हटलं की आपण विचारतो, कसला? मलेरिया, टायफॉइड की लेप्टो? रक्त कमी आहे म्हटल्यावर मात्र कोणी काही विचारत नाही. गोळ्यांची पट्टी घ्यायची आणि घरी यायचं.

मला आज एवढंच सांगायचं आहे. डहाणू-तलासरीत ‘कशामुळे?’ हे विचारल्याशिवाय पट्टी हातात घेऊ नका. या मातीत या प्रश्नाची एकाहून जास्त उत्तरं आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडतंच असं नाही. कधीकधी ते बाधतंसुद्धा.

त्यासाठी आधी रक्तात काय असतं ते बघू.

न गोठण्याचं औषध घातलेल्या नळीत थोडं रक्त घेऊन ती उभी ठेवली, की काही वेळाने त्याचे थर होतात. वर फिकट पिवळं पाणी राहतं, तो रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. खाली दाट तांबडा थर बसतो, त्या तांबड्या पेशी. दोघांच्या मधे एक पांढुरकी रेघ दिसते. त्यात पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका असतात, म्हणजे आपण ज्यांना प्लेटलेट म्हणतो त्या. प्लाझ्मा साधारण ५५ टक्के आणि तांबड्या पेशी ४५ टक्क्यांच्या आसपास.

प्लाझ्मामध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उरलेल्यातली सात-आठ टक्के प्रथिनं. त्यात सर्वांत जास्त अल्ब्युमिन. ते यकृतात तयार होतं आणि पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. दुसरी ग्लोब्युलिनं. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं यांतच येतात. तिसरं फायब्रिनोजेन, ज्याच्यामुळे जखमेवर रक्ताची गाठ धरते. याशिवाय मीठ, साखर, संप्रेरकं, मूत्रपिंडाकडे निघालेला युरिया, असं सगळं त्याच प्रवाहात असतं. लोहाची ने-आण करणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिनही प्लाझ्मातच असतं.

आता तांबडी पेशी. व्यास साडेसात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सव्वाशेवा भाग. दोन्ही बाजूंनी मधे दबलेली चकती. या आकारामुळे ती वाकू शकते आणि स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग दुमडून निघून जाते. रक्ताच्या एका छोट्या थेंबात, एका घन मिलिमीटरमध्ये, अशा पंचेचाळीस-पन्नास लाख पेशी असतात. तयार होऊन बाहेर पडताना ही पेशी आपलं केंद्रक टाकून देते, ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही टाकून देते आणि सगळी जागा हिमोग्लोबिनला देते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? शंभर मिलिलिटर रक्तातला प्लाझ्मा स्वतःमध्ये जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळवू शकतो. तेवढ्याच रक्तातलं हिमोग्लोबिन वीस मिलिलिटर वाहून नेतं. परतीच्या प्रवासात मात्र दोघं मिळून काम करतात. कार्बन डायऑक्साइड तांबड्या पेशीत शिरतो, तिथे एका विकराच्या मदतीने त्याचा बायकार्बोनेट होतो, आणि त्यातला बराचसा प्लाझ्मामध्ये उतरून फुप्फुसाकडे जातो. पेशी आणि प्लाझ्मा एकमेकांवाचून अडतात, हे लक्षात ठेवा. पुढे ते दोनदा कामाला येणार आहे.

तांबडी पेशी १२० दिवस जगते. हाडांमधला मगज सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या पेशी सोडतो, तेवढ्याच जुन्या पेशी प्लीहा आणि यकृत काढून घेतात. जुन्या पेशीतलं लोह वाया जात नाही. दिवसाला वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह शरीर स्वतःच्याच मोडीतून मिळवतं. जेवणातून शोषलं जातं ते फार तर एक-दोन मिलिग्रॅम. लोह शरीराबाहेर टाकण्याची वेगळी सोयच आपल्याला नाही. ते मोठ्या प्रमाणात जातं ते रक्त बाहेर गेलं तरच.

यातूनच पहिलं उत्तर मिळतं. पाळीत, बाळंतपणात, पाठोपाठच्या बाळंतपणांत रक्त जातं. आवणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभं राहिलं की अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला डसून बसते आणि रोज थोडं थोडं रक्त पिते. त्यात जेवण भात आणि पातळ वरणाचं, वर लगेच चहा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. असं झालं की हिमोग्लोबिनला लोह पुरत नाही, पेशी लहान आणि फिकट होतात. इथे लोहाची गोळी हेच औषध. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळी, पायात चप्पल, ताटात शेवग्याचा पाला आणि सुकट, वर लिंबू. गोळीने संडास काळी होते, मळमळतं, म्हणून मुली ती खिडकीबाहेर टाकतात. संडास काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं वर्गात सांगितलं तरी पुष्कळ गोळ्या वाचतील.

दुसरं उत्तर वेगळं आहे. त्याचं नाव सिकलसेल.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. सिकलसेलमध्ये त्यातल्या फक्त सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी १४५ जागा जशाच्या तशा. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच मुळात वेगळं आहे. नेमकी जागा पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधली. एवढ्याशा फरकाने होतं असं, की ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. ती केशवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, आणि हाडं फोडून काढल्यासारखी कळ येते. अशी पेशी १२० दिवस जगत नाही, दहा-वीस दिवसांतच फुटते. मगज कितीही राबला तरी भरपाई होत नाही. म्हणून रक्त कमी.

इथे आपली रोजची चूक बघा. पेशी फुटल्यावर आतलं लोह शरीरातच राहतं. लोहाचा तुटवडा हे या आजाराचं मूळ नाही, म्हणून नुसत्या लोहाच्या गोळीने तो हटत नाही. ज्याला वरचेवर रक्त चढवावं लागतं, त्याच्या यकृतात आणि हृदयात तर लोह साचतं, तिथे गोळी उलटी पडते. सिकलच्या बाईला लोहाचीही कमतरता असू शकते, पण ते तपासून ठरवायचं. फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे दिसतात. मग काविळीची माळ घातली जाते, झाडपाल्याचं औषध होतं. पिवळेपणा पुन्हा येतो, पुन्हा माळ. वर्षाच्या आतल्या बाळाचे हातपाय सुजले, लहान मुलाची प्लीहा हाताला लागली, सांधे ठणकायला लागले आणि डोळे पिवळे झाले, तर ती नुसती कावीळ समजू नका.

हा आजार आपल्याकडे का आला? भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. पुढे सातपुड्यापासून विदर्भापर्यंत, दक्षिण गुजरातेत आणि आपल्या पालघर पट्ट्यात तो सापडत गेला. नकाशावर हे भाग जोडले तर जुन्या मलेरियाचा नकाशा तयार होतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्येच असा तर्क मांडला होता की रक्ताचे असे दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहतात, कारण ते मलेरियापासून वाचवतात. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत सिकलसेलपुरता तो तर्क सिद्ध केला. आई किंवा बाप, एकाकडूनच बदललेलं जनुक मिळालं तर ते मूल वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, उलट मेंदूत जाणाऱ्या मलेरियाने ते सहजी मरत नाही. दोघांकडून मिळालं तरच आजार. जंगलपट्टीतल्या ज्या पोरांना हिवतापाने नेलं नाही, त्यांच्यातली कित्येक वाहक होती. आपण त्यांचीच पतवंडं. हा कुणाचा कोप नाही, कुणाचं पाप नाही आणि कुठल्याही जमातीला लागलेला डागही नाही.

तिसरं उत्तर याच मलेरियाच्या वाटेवरचं. तांबड्या पेशीने केंद्रक टाकलेलं असतं, त्यामुळे तिला नवं प्रथिन बनवता येत नाही. जन्माला येताना जी शिदोरी मिळाली, तिच्यावर १२० दिवस काढायचे. त्या शिदोरीत जी-सिक्स-पीडी नावाचा एक विकर असतो. तो पेशीला जळण्यापासून वाचवतो. काहींमध्ये तो जन्मतःच अपुरा असतो. एरवी कळतही नाही. पण व्हायवॅक्स मलेरिया झाला, चौदा दिवसांची प्रायमाक्विनची गोळी सुरू झाली, की पेशी भराभर फुटतात. हिमोग्लोबिन थेट प्लाझ्मामध्ये सांडतं. तिथलं हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन जेवढं आवरता येईल तेवढं आवरतं, उरलेलं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. लघवी काळसर, गडद चहासारखी होते, माणूस पांढराफटक पडतो. डांबरगोळ्यांनीसुद्धा असं होऊ शकतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत त्या ठेवू नका. या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलांना जास्त, मुलींना कमी.

आता गंमत बघा. जी-सिक्स-पीडीची कमतरता आपल्या आदिवासी समाजांत आहे, तशीच ती पारशी समाजात आहे. मुंबईत १९६०च्या दशकात झालेल्या तपासण्यांत ती ठळकपणे दिसली. तलासरीपासून हाकेच्या अंतरावर संजाण, इकडे बोर्डीजवळ बहरोटची लेणी, जिथे पारशांनी आपला पवित्र अग्नी सांभाळला. चिकूच्या वाडीचा शेठ पारशी आणि झाडावर चढणारा वारली गडी, दोघांच्या पेशीत एकच उणीव असू शकते. मलेरियाच्या डासाने जात कधी विचारली नाही. आणि सीमेपलीकडे वलसाडला सिकलसेलवर आयुष्यभर काम करून २०२४ मध्ये पद्मश्री मिळवणारे डॉ. यज़्दी इटालिया, तेही पारशीच.

म्हणून मलेरियाच्या गोळ्या देणाऱ्या प्रत्येकाने घरच्यांना एक वाक्य सांगावं: लघवी काळी झाली किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या.

आतापर्यंत पेशीविषयी बोललो. पण प्लाझ्मा बिघडला तर? तांबड्या पेशी शाबूत असतात, हिमोग्लोबिन बारा असतं आणि तरीही रक्त आपलं काम सोडून देतं. आवणीत किंवा गवत कापताना घोणस, फुरसं चावलं, की हेच होतं. त्यांचं विष फायब्रिनोजेन संपवून टाकतं. हिरड्यांतून, सुईच्या जागेतून रक्त झिरपत राहतं. याची तपासणी इतकी साधी आहे की प्रत्येक आरोग्य केंद्रात व्हावी. कोरी, कोरडी काचेची नळी घ्यायची. शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात घ्यायचं. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग नळी एकदाच आडवी करायची. गाठ धरली असेल तर रक्त जागचं हलत नाही. वाहिलं, तर प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन विषाने खाल्लं आहे. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. साबणाने धुतलेलीही नको.

त्यावरचं औषध दुसऱ्या कुणाच्या तरी प्लाझ्मातून येतं. घोड्यांना विषाची अगदी थोडी थोडी मात्रा टोचतात. त्यांच्या प्लाझ्मामध्ये तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढून सर्पविषप्रतिबंधक लस होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच. परळच्या हाफकिन संस्थेशी महाराष्ट्राचं या कामाचं नातं जुनं आहे. डहाणूत आयसीएमआरच्या मुंबईतल्या प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी सर्पदंशावर काम करताना भगतांनाही बोलतं केलं, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. भगताकडे माणूस आधी जातो, कारण तो पाड्यातच असतो. त्याला हिणवून काही साधत नाही. त्याने मंत्र म्हणत असतानाच गाडी बोलावली, तर वेळ वाचतो.

प्लाझ्मा आणि पेशी पुन्हा एकत्र येतात ते पाण्यापाशी. अंगातलं पाणी कमी झालं की सिकलची पेशीही सुकते, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि दोऱ्या लवकर धरतात. एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, वीटभट्टीवर उन्हात दहा-बारा तास काम, घोटभर पाणी, संध्याकाळी ताडी किंवा दारू. कळ नेमकी तेव्हा येते. थंडीनेही येते, पावसात दिवसभर भिजल्यावर येते, तापात येते. सिकलच्या माणसाला ‘भरपूर पाणी पी’ असं डॉक्टर सांगतात. पाड्यापासून दोन किलोमीटरवर हंडा भरायचा असेल, तर त्या सल्ल्याला काय अर्थ? पाण्याची योजना हीसुद्धा सिकलसेलवरची उपाययोजना आहे, असं मी मानतो. ग्रामसभेत तसं मांडलं पाहिजे.

आता तपासणी. सिकलची पहिली चाचणीही एका नळीतच होते. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात आणि पाच मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. साध्या रक्तात द्रावण स्वच्छ राहतं, रेघा स्पष्ट दिसतात. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण ताकासारखं गढूळ होतं आणि रेघा हरवतात. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी झालीच पाहिजे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात या नळीवर विसंबून चालत नाही. त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते सिकलला दाबून ठेवतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नेमकं तेच गर्भाचं हिमोग्लोबिन मोठेपणी पुन्हा वाढवतं. रोज गोळी, ठराविक काळाने रक्ततपासणी, गरोदरपणात बंद. कळा कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. जोडीला फॉलिक आम्ल, लसी आणि ताप आला की घरी न थांबणं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार आरोग्याचा मोठा प्रश्न राहू नये, हे त्याचं उद्दिष्ट. त्यात तपासणीनंतर कार्ड मिळतं. या कार्डाविषयी मला काळजी वाटते ती वेगळी. वाहक मुलीला लग्नाच्या बाजारात ‘आजारी’ ठरवलं जाईल. गणित नीट समजून घ्या. एक वाहक आणि एक निर्दोष, या जोडप्याचं एकही मूल सिकलचा रुग्ण होत नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण निर्दोष मुलाची. दर वेळी नव्याने, आधीच्या मुलांचा हिशेब न धरता. तेव्हा कार्ड मुलीचं एकटीचं बघायचं नाही, दोघांची कार्डं शेजारी ठेवून बघायची. दोन्ही वाहक निघाली तरी लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी होऊ शकते. ठरवायचं त्या दोघांनी, माहिती घेऊन.

शेवटी, हे सगळं होणार कुठे आणि केव्हा? याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला एक गोष्ट करून दाखवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलं असेल तर कुरणात न्यायची. रक्ताच्या तपासणीला हाच धडा लागू आहे. तालुक्याच्या गावी शिबिर लावून, फलक टांगून, फोटो काढून पाड्यातलं रक्त तपासलं जात नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. आश्रमशाळेत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची सिकलची आणि शक्य असेल तिथे जी-सिक्स-पीडीची तपासणी व्हावी, आणि निकाल नुसता रजिस्टरात न राहता त्या मुलाच्या घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगितला जावा. प्रत्येक गरोदर बाईची सिकलची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, आणि ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचीही. नवरे टाळतात, हे आशाताईंना चांगलं ठाऊक आहे. तिसरी मागणी वेळेची. भातकापणी झाली, दिवाळी सरली, की कुटुंबंच्या कुटुंबं भट्ट्यांवर आणि रेतीवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरात पाड्यावर जाणाऱ्या पथकाला म्हातारी माणसं आणि बंद दारं भेटतात. तपासणी, कार्ड, तीन-चार महिन्यांची औषधं आणि भट्टीच्या गावच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी, हे सगळं त्यांच्या हातात भात झोडून होण्याआधी पडलं पाहिजे. आरोग्य खात्याचं वेळापत्रक सरकारी वर्षाने नाही, आपल्या शेतीच्या वर्षाने आखा, असा ठराव या भागातल्या प्रत्येक ग्रामसभेने पावसाळा संपायच्या आत करावा, अशी माझी विनंती आहे.